हिंगोलीला जुळं शोधताना

परभणीहून हिंगोलीकडे जाणाऱ्या एसटीत झिरो फाट्याला मोठी चढउतार होते. नांदेड-वसमतकडचे लोक पिशव्या सांभाळत उतरतात, औंढ्याचे आणि हिंगोलीचे आत घुसतात. माझं लक्ष दुसऱ्याच उताराकडे होतं. या टापूत कुठंतरी परभणीचा खासदार उतरतो आणि हिंगोलीचा चढतो. आणखी थोडं गेलं की जवळा बाजार. तालुका औंढ्याचा, पण आमदार वसमतचा. तिथून पुढं औंढा गाठेपर्यंत आमदारही बदलतो आणि कळमनुरीचा सुरू होतो. यातल्या एकाही रेघेची पाटी रस्त्यावर नाही. खिडकीतून दिसत होती ती हळद शिजवायची लगबग. रानाच्या कडेला कुकर लावलेले, वाफ निघतेय, शिजलेली हळद ताडपत्रीवर पसरलेली, आणि तो मातकट उग्र वास गाडीभर. हळदीला सगळीकडे एकच भाव. मतदारसंघ बदलला म्हणून तो काही बदलत नाही.

राज्यशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, "सर, आपल्या हिंगोलीसारखा मतदारसंघ इंग्लंड-अमेरिकेत कोणता?" मी तेव्हा लोकसंख्येचे आकडे फेकून वेळ मारून न्यायचो. निवृत्तीनंतर प्रश्न पुन्हा आला तो भाचीकडून. ती अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, रिचलंडला असते. "मामा, तुमच्या औंढ्याला आणि आमच्या हॅनफर्डला एकच यंत्र बसणार आहे, माहितीये ना?" माहीत होतं. गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो ही वेधशाळा अमेरिकेत दोन जागी आहे, वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्डला आणि लुइझियानात लिव्हिंगस्टनला. भारतातली तिसरी औंढ्याजवळ दुधाळ्याच्या शिवारात ठरली. म्हटलं, यंत्राला जुळं आहे तर मतदारसंघालाही असेल. जाऊन बघू.

शिवरात्रीची यात्रा नुकतीच आटोपली होती. देवळाभोवतीच्या दुकानांत बेलाच्या पाट्या निम्म्या रिकाम्या, प्रसादाच्या पेढ्यांवर माशा. औंढ्याचं देऊळ आधी खालून बघावं असं माझं मत आहे. तारकेसारखी कोनाकोनांची ती यादवकाळातली बैठक, त्यावर हत्तींच्या रांगा, देवदेवता, नक्षीचे थर. नजर वर गेली की हिरमोड होतो. वरचा भाग मागाहून उभारलेला, पांढऱ्या रंगाचा, खालच्या काळ्या दगडाशी त्याचं काही नातं नाही. मोडतोडीनंतर अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केला, असं सगळेच सांगतात. नागनाथ स्वतः तळघरात आहे. अरुंद पायऱ्यांनी वाकून, जवळजवळ बसतच खाली उतरायचं. आत घाम, कापूर, ओला दगड आणि डोक्याला लागेल इतकं खाली छत. देव एवढा जवळ की पाठीमागचा माणूस "चला, चला" म्हणेपर्यंत हात पिंडीवरच असतो.

बाहेर आल्यावर नवखा माणूस नंदी शोधतो. समोर नंदी नाही, मागच्या बाजूला आहे. त्याची कथा इथलं लहान पोरही सांगेल. नामदेव महाराज देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना हटकलं, मागे जायला लावलं. ते मागे गेले आणि तिथं गाऊ लागले. तेव्हा देऊळच फिरलं आणि नामदेवांकडे तोंड करून उभं राहिलं. नंदी बिचारा जिथल्या तिथं राहिला. विसोबा खेचरांची गोष्टही याच गावाशी जोडलेली आहे. पिंडीवर पाय ठेवून निजलेले विसोबा नामदेवांना म्हणाले, जिथं देव नसेल तिथं माझे पाय ठेव. नामदेव जिकडे पाय नेत तिकडे पिंड. नामदेवांचं नर्सी इथून लांब नाही, शेजारच्या हिंगोली तालुक्यातच.

नंदीपाशी कठड्यावर टेकलो आणि मला एल्ब्रिज गेरी आठवला. देवळात असा माणूस आठवू नये, पण आठवला. 1812 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या या गव्हर्नरनं आपल्या पक्षाच्या सोयीचा मतदारसंघांचा नकाशा मंजूर केला. त्यातला एक मतदारसंघ इतका वेडावाकडा होता की बोस्टनच्या वर्तमानपत्रानं त्याला पंख आणि नख्या काढून सरपटणारा प्राणी करून छापला. तेव्हापासून असल्या कारागिरीला जगभर गेरीचं नाव चिकटलं. तिथल्या बहुतेक राज्यांत आजही विधिमंडळच नकाशा काढतं, म्हणजे ज्यांना निवडून यायचंय तेच रेघा ओढतात. औंढ्यात देऊळ भक्तासाठी फिरलं, तिकडे ते पुजाऱ्यासाठी फिरवतात. आपल्याकडे निदान एवढं बरं की परिसीमन आयोग वेगळा असतो. खासदार-आमदार त्यात सहयोगी सदस्य म्हणून बसतात, बोलतात, पण त्यांना मत नसतं. सध्याच्या रेघा न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगानं 2001 च्या जनगणनेवरून ओढल्या आणि 2009 च्या निवडणुकीपासून त्या लागू झाल्या. आयोगाचा आदेश एकदा निघाला की कोर्टात जाण्याची वाट जवळजवळ बंदच. अमेरिकेत नेमकं उलट. तिथं नकाशा निघाला की दुसऱ्या दिवशी वकील कोर्टाच्या पायरीवर.

आता आकडे. ते टाळता येत नाहीत आणि त्यांच्यावर विसंबताही येत नाही. ब्रिटनमध्ये 2024 ची निवडणूक नव्या हद्दींवर झाली. एका मतदारसंघात 73,393 मतदार हे प्रमाण, वर-खाली फक्त पाच टक्के सूट. कायद्यानं अपवाद पाचच आणि तेही सगळे बेटांचे. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांना तर एकवीस हजारांच्या आसपास मतदारांवर अख्खा खासदार मिळतो. अमेरिकेत प्रतिनिधीगृहाच्या जागा 1913 पासून 435 च आहेत. लोक वाढले, जागा नाही वाढल्या, त्यामुळे आता एका जागेमागे साडेसात लाखांवर माणसं. आणि हिंगोली? 2024 मध्ये मतदारच अठरा लाखांच्या घरात. म्हणजे ब्रिटनच्या मापानं एकट्या हिंगोलीतून पंचवीस खासदार जायला हवेत. औंढ्याला स्वतःचा एक मिळाला असता, जवळा बाजारसकट. ही मापं एकमेकांवर ठेवून जुळं सापडायचं नाही, हे वर्गात पोरांना सांगायला हवं होतं.

म्हणून यंत्राच्या मागे गेलो. औंढ्यातून दुधाळ्याकडे रिक्षा केली. रिक्षावाल्याला लायगो म्हटलं की लगेच कळलं, तो "लिगो" म्हणत होता. उघडा माळ, मुरूम, मधूनच काळा खडक डोकं काढतोय, आणि शांतता. तीच तर हवी होती. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी बाहूंमधून लेझर फिरवायचा आणि अणूच्या गाभ्याहूनही बारीक थरथर मोजायची, तर आसपास रेल्वे, कारखाने, भूकंपाचे धक्के नकोत. हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टनच्या यंत्रांनी 14 सप्टेंबर 2015 ला दोन कृष्णविवरांच्या टकरीची लहर पहिल्यांदा टिपली. फेब्रुवारी 2016 मध्ये ती बातमी जगाला कळली आणि त्याच महिन्यात आपल्या मंत्रिमंडळानं भारतातल्या प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता दिली. 2,600 कोटींची पक्की मंजुरी यायला मात्र एप्रिल 2023 उजाडला. सरकारी वेग कृष्णविवरांना ठाऊक नसावा.

"हितं आवाज करायचा नाही म्हणतेत," रिक्षावाला म्हणाला. "मग निवडणुकीत काय करायचं बगा." मी हसलो, पण तो गंभीर होता. भोंग्याच्या गाड्या या शिवारातून जातात त्याचं काय करणार, हा त्याचा खरा प्रश्न होता.

हॅनफर्ड येतं ते वॉशिंग्टन राज्याच्या चौथ्या मतदारसंघात. राज्याच्या डोंगररांगेपलीकडचा हा कोरडा, मोकळा पट्टा. सिअ‍ॅटलच्या श्रीमंतीशी त्याचा फारसा संबंध नाही, कालव्यांच्या पाण्यावर शेती चालते. याकिमा खोऱ्यात सफरचंद आणि बिअरला कडवटपणा देणारी हॉप्स. याकामा आदिवासींचं मोठं राखीव क्षेत्रही याच मतदारसंघात. हॅनफर्डला दुसऱ्या महायुद्धात प्लुटोनियम तयार झालं, नागासाकीवरच्या बॉम्बमध्ये तेच होतं. त्या जागेवरचा अणुकचरा अजून उपसताहेत. आपल्याकडे हळद आणि कापूस, तिकडे हॉप्स आणि सफरचंद. आपल्याकडे किनवटच्या डोंगरातले गोंड, कोलाम आणि आंध, तिकडे याकामा. एवढ्यावर मी खूश झालो असतो, पण खरी गंमत पुढं होती.

2024 ला हिंगोलीत लढत कुणाची झाली? शिवसेनेची शिवसेनेशी. निवडणूक आयोगानं फेब्रुवारी 2023 मध्ये नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिलं, ठाकरे गटाकडे मशाल आली. शिंदेंनी आधी त्यावेळचे खासदार हेमंत पाटील यांचं नाव जाहीर केलं, मग ते मागे घेऊन बाबुराव कदम कोहळीकरांना उभं केलं. ठाकरेंकडून नागेश पाटील आष्टीकर उभे राहिले आणि लाखाहून जास्त मतांनी निवडून आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात वॉशिंग्टनच्या चौथ्या मतदारसंघात लढत झाली रिपब्लिकनची रिपब्लिकनशी. तिथं प्राथमिक फेरीत पक्ष बघत नाहीत, सगळे उमेदवार एकाच यादीत असतात आणि पहिले दोघे अंतिम फेरीला जातात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. तिथले त्यावेळचे खासदार डॅन न्यूहाउस स्वतः हॉप्स पिकवणारे शेतकरी. 2021 मध्ये ट्रम्प यांच्यावर महाभियोग चालवावा म्हणून मत देणाऱ्या दहा रिपब्लिकन सदस्यांतले एक. ट्रम्प यांनी त्यांच्याविरुद्ध जेरॉड सेस्लर यांना पाठिंबा दिला. प्राथमिक फेरीत सेस्लर पुढे गेले, तरी नोव्हेंबरात न्यूहाउसच जिंकले. तिथंही प्रश्न तोच होता, पक्ष कुणाचा, खरे आम्ही की तुम्ही?

हा प्रश्न औंढ्याला नवा नाही. बारा ज्योतिर्लिंगांतला नागेश आमच्याकडचा, असं द्वारकेजवळचे लोक म्हणतात, अल्मोड्याच्या जागेश्वरचेही म्हणतात. औंढ्याचा माणूस त्यावर वाद घालत बसत नाही. "तेंचा तेंच्यापाशी," म्हणतो आणि रांगेत उभा राहतो. आणि खऱ्या शिवसेनेच्या भांडणात निवडून आले तेही नागेशच.

फरक आहे, तो झाकण्यात अर्थ नाही. तिकडे एकाच पक्षाचे दोघे समोरासमोर आले ते राज्याच्या मतदारांनीच मंजूर केलेल्या नियमामुळे. इकडे आले ते शिवसेना फोडणाऱ्या मुंबई-सुरत-गुवाहाटीच्या प्रवासामुळे. तरीही हॅनफर्ड आणि औंढा यांना मी जुळं म्हणायला तयार आहे. अमेरिका संपली, राहिलं ब्रिटन.

बसस्थानकासमोर चहा घेताना शेजारच्या बाकावर धोतरातले एक आजोबा होते. कुठून आलाव, कशाला आलाव, हे झाल्यावर मी सांगितलं की विलायतेतला खासदार शुक्रवारी किंवा शनिवारी आपल्या गावी बसतो आणि सामान्य माणूस वेळ घेऊन त्याला भेटतो. घराची गळती, पेन्शन, व्हिसा, काहीही.

"अन् लग्नाला येतो का?"

"नसावा येत."

"मग काय उपेग," आजोबा म्हणाले. "आमचा खासदार दिसतो तर लग्नातच."

अठरा लाख मतदारांच्या खासदाराला भेटायचं तर लग्नाइतकी दुसरी सोय नाही, हे मलाही पटलं. मतदार जास्त असले तरी एकेक मत मोलाचं असतं, हेही याच मतदारसंघानं दाखवलंय. 2014 मध्ये देशभर मोदींची लाट असताना कळमनुरीचे राजीव सातव इथून काँग्रेसकडून जिंकले, ते 1,632 मतांनी. दादाभाई नौरोजी 1892 मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून फेरमोजणीनंतर 5 मतांनी पार झाले होते. पण तिथं दोन्ही उमेदवारांची मिळून मतंच सहा हजारांच्या आत. प्रमाण काढलं तर सातवांचा विजय फार मागे राहत नाही. सातव 2021 मध्ये करोनानंतरच्या आजारात गेले. त्या चहाच्या बाकावर त्यांचं नाव निघालं आणि आजोबांनी कप खाली ठेवला. "पोरगं चांगलं होतं," एवढंच म्हणाले.

मराठी माणूस अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात गेल्याचं उदाहरणही आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार 2022 मध्ये मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघातून, म्हणजे डेट्रॉइटमधून निवडून आले. त्या नकाशाच्या रेघा नागरिकांच्या स्वतंत्र आयोगानं काढल्या होत्या, आयोग नेमायचा निर्णय मिशिगनच्या मतदारांनी 2018 मध्ये घेतला होता. पण त्या निवडणुकीनंतर डेट्रॉइटमधून कित्येक दशकांत पहिल्यांदा एकही कृष्णवर्णीय सदस्य काँग्रेसमध्ये उरला नाही, म्हणून तिथं बरीच खळखळ झाली. आयोग निःपक्ष असला म्हणून रेघ निरुपद्रवी होत नाही. बेळगावच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

ब्रिटनचं जुळं शोधायला मी मतदारसंघाच्या दुसऱ्या टोकाला निघालो. हिंगोली लोकसभा 1977 पासून आहे आणि हिंगोली जिल्हा 1 मे 1999 चा. आधी मतदारसंघ, मागून जिल्हा. त्यामुळे खासदार हिंगोलीचा म्हणतात, पण त्याच्या सहांपैकी तीनच विधानसभा या जिल्ह्यातल्या: हिंगोली, कळमनुरी, वसमत. किनवट आणि हदगाव नांदेड जिल्ह्यातले, उमरखेड तर यवतमाळ जिल्ह्यातलं, पैनगंगेपलीकडचं, विदर्भातलं. किनवटमध्ये माहूर येतं, म्हणजे एकाच खासदाराच्या हद्दीत नागनाथाचं ज्योतिर्लिंग आणि रेणुकेचं शक्तिपीठ दोन्ही. दोन्हीकडच्या यात्रा सांभाळणं काही सोपं नसणार. एका टोकाला औंढा, दुसऱ्या टोकाला तेलंगणाच्या सीमेवरचं किनवट, मध्ये दीडशे किलोमीटरहून जास्त रस्ता.

हदगावहून उमरखेडकडे जाताना पैनगंगेचा पूल लागतो. पात्र रुंद, पाणी मध्यावर एका कडेला सरकलेलं, बाकी वाळू आणि खडक. इथं मराठवाडा संपतो आणि विदर्भ सुरू होतो. निजामाचं राज्य या काठाला, इंग्रजांच्या ताब्यातला वऱ्हाड त्या काठाला. बोली बदलते, जमिनीचे जुने कागद बदलतात, अनुशेषाचे हिशेब वेगवेगळ्या वह्यांत मांडतात. खासदार मात्र एक.

इंग्लंडात अशीच एक नदी आहे, टेमार. तिच्या पश्चिमेला कॉर्नवॉल, पूर्वेला डेव्हन. ही सीमा दहाव्या शतकातल्या अ‍ॅथेलस्टन राजाची म्हणतात. कॉर्नवॉलच्या लोकांची स्वतःची जुनी भाषा, स्वतःचा झेंडा. 2014 मध्ये सरकारनं त्यांना राष्ट्रीय अल्पसंख्य म्हणून मान्यताही दिली. 2010 साली नव्या सरकारनं खासदार 650 वरून 600 करायचं आणि प्रत्येक मतदारसंघ पाच टक्क्यांच्या मापात बसवायचा कायदा आणला, तेव्हा कॉर्नवॉलचा हिशेब पुरा होईना. टेमार ओलांडून डेव्हनचा तुकडा जोडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. लोक सॉल्टॅशला नदीकाठी झेंडे घेऊन जमले. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन वैतागून म्हणाले, ही टेमार आहे, अ‍ॅमेझॉन नव्हे. पुढं 2018 च्या शिफारशीत त्या मतदारसंघाला नावही मिळालं, 'बिडफर्ड, ब्यूड अँड लॉन्सेस्टन', पहिलं गाव नदीच्या पूर्वेकडचं आणि उरलेली दोन पश्चिमेकडची. पण तो कधी जन्मला नाही. 2020 च्या कायद्यानं पुन्हा 650 जागा ठेवल्या, नव्या फेररचनेत कॉर्नवॉलला अखंड सहा जागा मिळाल्या आणि टेमार ओलांडायची वेळच आली नाही. हिंगोलीचं ब्रिटिश जुळं हेच आणि ते कागदावरच संपलं.

कॉर्नवॉलच्या लोकांचा मला हेवा वाटतो, तो त्यांच्या हट्टाचा नाही. नदी ओलांडली असती तर आभाळ कोसळलं नसतं, कॅमेरॉन तेवढ्यापुरते बरोबरच होते. हेवा याचा की रेघ कुठं पडतेय हे त्यांना पडायच्या आधी कळलं आणि त्यांनी विचारलं. पैनगंगेवरून रेघ गेली तेव्हा आमच्याकडे कुणी झेंडा घेऊन पुलावर उभं राहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पुढची जनगणना 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख धरून ठरली आहे. 1971 च्या लोकसंख्येवर गोठवलेल्या जागा त्यानंतर सुटतील, रेघा पुन्हा ओढल्या जातील. औंढा कुठं जाईल, उमरखेड कुठं, याबद्दल वाटेत मला एकही माणूस बोलताना भेटला नाही. सगळे झेडपीच्या गटाबद्दल बोलत होते, गट कुणाला सुटला, राखीव झाला का. तेही खरंच आहे. तिथली रेघ घराच्या ओट्याजवळून जाते.

उमरखेडला बसस्थानकात एका खतविक्रेत्याच्या दुकानाच्या सावलीत उभा होतो. त्यानं विचारलं म्हणून सगळं सांगितलं: औंढा, हॅनफर्ड, टेमार. त्यानं बिल फाडता फाडता ऐकून घेतलं.

"आमचं कसंय सर," तो म्हणाला, "खासदार हिंगोलीचा, कलेक्टर यवतमाळचा, पाणी इसापूर धरणाचं आणि दवाखाना नांदेडचा."

"उद्या नवी रेघ काढताना यातलं एक बदलायचं म्हटलं तर?"

त्यानं क्षणभरही विचार केला नाही. "दवाखाना सोडून काय बी बदला. रात्री पेशंट घेऊन यवतमाळला कोण जाईल?" मग गिऱ्हाईकाकडे वळून युरियाचं पोतं कुठल्या गाडीत टाकायचं ते सांगू लागला.